आरशापलीकडचं साम्राज्य: स्टार ट्रेकच्या काळ्या विश्वावर फॅन फिल्म कशी करावी

स्टार ट्रेक या अंतराळ मालिकेतलं आरशातलं विश्व म्हणजे तेच चेहरे, तेच जहाज, पण शांतताप्रिय संघाऐवजी क्रूर साम्राज्य. त्यावर चाहत्यांची हौशी फिल्म, म्हणजे फॅन फिल्म, करायचं ठरलं की बहुतेक गट आधी दाढी आणि खंजीर यांच्या मागे लागतात. त्याआधी दोन कामं उरकून घ्या. ६ ऑक्टोबर १९६७ला दाखवला गेलेला ‘मिरर, मिरर’ हा मूळ भाग पुन्हा नीट बघा, आणि स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या सीबीएस व पॅरामाउंटने जून २०१६मध्ये जाहीर केलेली फॅन फिल्मची नियमावली छापून भिंतीवर लावा.

फिल्मचा आकार या नियमांनीच ठरतो. स्वतंत्र कथा असेल तर १५ मिनिटांच्या आत, नाहीतर फार तर दोन भाग, मिळून ३० मिनिटं. पुढचा सीझन नाही, तिसरा भागही नाही. २०१४मध्ये ‘स्टार ट्रेक कंटिन्यूज’ या चाहत्यांच्या मालिकेने ‘मिरर, मिरर’ जिथे संपतो तिथूनच पुढे पूर्ण लांबीचा भाग केला होता. तो ऐसपैसपणा आता विसरा. शीर्षकात ‘स्टार ट्रेक’ हे शब्द चालत नाहीत, पण ‘अ स्टार ट्रेक फॅन प्रॉडक्शन’ हे उपशीर्षक घालावंच लागतं. कुणालाही मानधन द्यायचं नाही, वर्गणी ५०,००० डॉलरच्या वर न्यायची नाही. स्टार ट्रेकच्या मालिकांत किंवा चित्रपटांत काम केलेला माणूसही घेता येत नाही. विकत आणलेले गणवेश आणि प्रॉप अधिकृतच हवेत, त्यामुळे शिवणकाम येणारं कुणी गटात असेल तर मोठी सोय होते.

खरी पंचाईत पुढे आहे. फिल्म सहकुटुंब बघण्याजोगी हवी: शिव्या नाहीत, नग्नता नाही, दारू-तंबाखू नाही. मग क्रौर्य दाखवायचं कसं? उत्तर मूळ भागातच आहे. माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरवर चूक झाल्यावर स्पॉक हा दाढीवाला अधिकारी ते यंत्र चालवणाऱ्या काइलकडे त्याचा अ‍ॅगनायझर मागतो. छळाचं ते यंत्र काइलच्याच कमरेला आहे आणि ते त्याला स्वतःच्या हाताने काढून द्यावं लागतं. रक्ताचा थेंब नाही, तरी अंगावर काटा येतो. तुमच्या पटकथेतही दहशत अशीच लोकांच्या निमूट वागण्यातून दाखवा: कॅप्टन जवळून गेला की बोलणं थांबतं, दाराकडे पाठ करून कुणी बसत नाही, अंगरक्षकाशिवाय अधिकारी कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकत नाही. फिल्ममधला अ‍ॅगनायझर वजनदार वाटला पाहिजे. थ्रीडी प्रिंट पोकळ असेल तर आत नट-बोल्ट गच्च बसवून ती बंद करा, म्हणजे अभिनेत्याचा हात आपोआप बरोबर हलतो.

कथेसाठी मोकळी जागा भरपूर आहे. साम्राज्य सुमारे २४० वर्षांत कोसळेल असं आरशातला स्पॉक सांगतो. ‘डीप स्पेस नाइन’ या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेच्या १९९४मधल्या भागात कळतं की त्याने सुधारणा केल्या आणि त्यातूनच साम्राज्य क्लिंगन आणि कार्डेशियन या परग्रहवासीयांच्या युतीच्या हाती गेलं. या दोन टोकांमधला एखादा खालच्या हुद्द्याचा माणूस निवडा. जुनी दृश्यं पुन्हा उभी करू नका, आशय स्वतःचाच हवा असं नियमही सांगतात. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. श्रेयनामावली आणि सक्तीचा डिस्क्लेमर (फिल्म अधिकृत नाही अशी सूचना) धरून १२-१३ पानांवर थांबा.

आता प्रकाश. जुन्या मालिकेचा चेहरामोहरा सेटपेक्षा प्रकाशावर जास्त उभा आहे: भिंती राखाडी, रंग दिव्यांवर लावलेल्या जिलेटिनच्या रंगीत कागदाचा. भिंतीला मध्यम राखाडी मॅट रंग द्या, नटाला भिंतीपासून दीड ते दोन मीटर पुढे उभं करा. त्याहून जवळ आणलंत तर मुख्य दिव्याचा पांढरा प्रकाश भिंतीवर सांडतो आणि जांभळा-लाल रंग धुऊन निघतो. तरी सांडलाच तर काळं पुठ्ठं धरून तो अडवा. मुख्य दिव्यावर सॉफ्टबॉक्स नको, सावलीची कड ठसठशीत हवी. आपल्या विश्वात फिल दिवा (सावल्या उजळणारा दुसरा दिवा) मुख्य दिव्यापेक्षा एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्या उजेडावर ठेवा, आरशातल्या विश्वात तीन स्टॉप. प्रेक्षकाला नेमकं काय बदललं ते सांगता येणार नाही, पण जाणवेल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर कधीही ठेवू नका, कॅमेरा तुमचा रंगच दुरुस्त करून टाकतो. कन्सोलमधल्या एलईडी पट्ट्या स्वस्त डिमरवर मंद केल्या की चित्रात काळे पट्टे फिरतात, म्हणून दिवे पूर्ण चालू ठेवून वर बटर पेपरचे थर लावा. चौकट ४:३ ठेवा आणि कॅमेरा स्टँडवरच असू द्या.

दोन्ही विश्वांत एकच नट असेल तर बिनदाढीची सगळी दृश्यं आधी उरका. दाढीचा डिंक आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, चट्टा उठला तर दुसरा शोधा. चित्रीकरणाच्या वेळी पातळ थर द्या, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबा आणि मगच दाढी दाबा. ओल्यावरच दाबली तर घामाने तासाभरात कडा सुटतात, त्याही ओठांच्या कोपऱ्यापासून. डिंक चमकला तर पावडर मारा. सोनेरी लामे या चमकत्या कापडाचे कमरपट्टे उसवतात आणि घसरतात: मागून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावा, दोन टाके गणवेशाला घाला. खंजीर फोमचे किंवा रबराचे, धातूचा एकही सेटवर नको.

ट्रान्सपोर्टरची चमचम मूळ मालिकेत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी काळ्या पडद्यासमोर, मागून उजेड देऊन, उलट्या कॅमेऱ्याने स्लो मोशनमध्ये टिपून केली होती. ती भुकटी श्वासात जाते आणि पेट घेऊ शकते, म्हणून बारीक ग्लिटर वापरा आणि डोळ्यांना चश्मा लावा. सेकंदाला १२० फ्रेमवर टिपा, चित्र उलटं फिरवा आणि नटाच्या आकृतीवर एडिटिंग सॉफ्टवेअरच्या स्क्रीन मोडमध्ये चढवा. जहाजाची दृश्यं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करा, नावाआधी यूएसएसऐवजी साम्राज्याचं आयएसएस लिहायला विसरू नका.

सरकती दारं तेव्हा माणसंच ओढायची, तुम्हीही तेच करा. फक्त ओढणाऱ्याला नट दिसत नाही, तेव्हा इशाऱ्याचा छोटा दिवा द्या, नाहीतर नट दारावर आपटतो. प्लायवूडचा सेट घुमतो: चौकटीबाहेर जाड चादरी टांगा, माइक डोक्यापासून ३०-४० सेंटिमीटरवर आणा आणि प्रत्येक जागेची ३० सेकंदांची शांतता वेगळी टिपून ठेवा. ब्रिजवरची, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षातली, घरघर स्वतः बनवा, मूळ मालिकेतून उचलू नका. आरशातल्या जहाजासाठी तीच घरघर तीन-चार सेमीटोन खाली न्या आणि मधले टिकटिक आवाज निम्म्याने काढून टाका. अपलोड करताना जाहिराती बंद आहेत ना ते तपासा, आणि डिस्क्लेमर फिल्मच्या श्रेयनामावलीसोबत प्रसिद्धीच्या मजकुरातही टाका.