मुलाखतीनंतर ‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प बसले, तर काय करायचं?

मी अकाउंट्सचं काम करते: टॅली, जीएसटी, टीडीएस. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीनियर अकाउंटंटच्या जागेसाठी मुलाखत दिली. मालक स्वतः म्हणाले, "तुमचं फायनल समजा, सोमवारी ऑफर लेटर येईल." आलं नाही. मेलला उत्तर नाही. फोन लावला तर एचआरच्या मॅडम खेकसल्या, "एवढी घाई असेल तर दुसरीकडे बघा ना!" पुढे तीच जागा कमी पगारात नोकरी डॉट कॉमवर पुन्हा दिसली. तेव्हा फार लागलं मनाला. कारण दिलेल्या शब्दाचं काय झालं, हे विचारणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

पाठपुरावा खरं तर मुलाखतीच्या खुर्चीतूनच सुरू होतो. उठण्याआधी विचारा, "निर्णय साधारण कधीपर्यंत होईल, आणि मी कोणाशी बोलू?" नाव, मेल आयडी तिथेच लिहून घ्या. समोरचा टाळाटाळ करायला लागला तर तेही लक्षात ठेवा.

त्याच संध्याकाळी मेल टाका. विषयात पदाचं नाव आणि मुलाखतीची तारीख हवीच, नाहीतर त्यांना तुमचा मेल शोधूनही सापडत नाही. मजकूर एवढाच: "आज आपली भेट झाली, धन्यवाद. सोमवारपर्यंत ऑफर लेटर मिळेल असं आपण सांगितलंत. माझा नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे. आणखी कागदपत्रं लागल्यास कळवावे." तोंडी बोलणं असं लेखी आलं की पुढे बोलायला आधार राहतो.

दिलेली तारीख उलटली की दोन दिवस थांबून फोन करा. वेळ बघून करा. अकाउंट्सच्या साहेबांशी बोलायचं असेल तर महिन्याची ७, ११ आणि २० तारीख टाळा. टीडीएस भरणा, आणि जीएसटीआर-१ व ३बी ही जीएसटीची रिटर्न्स, यांच्या शेवटच्या तारखांच्या धावपळीत कोणीही धड बोलत नाही. सकाळी अकरानंतर बरं. "माझं काय झालं?" असं विचारू नका, "निर्णयाची नवी तारीख सांगता का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘बघतो’ म्हणून सुटता येतं. आवाज चढला तर "बरं, मेल करते" म्हणून फोन ठेवा आणि खरोखरच मेल करा. त्यालाही आठवडाभर उत्तर आलं नाही तर ती जागा मनातून काढून टाका. मालकांच्या व्हॉट्सअॅपवर रात्री मेसेज टाकण्यात काही अर्थ नाही.

या सगळ्या काळात बाकीचे अर्ज चालूच ठेवा. ‘फायनल समजा’ ऐकून मैत्रिणी पुढच्या मुलाखती रद्द करतात, तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

मूळ मार्कशीट कोणाकडेही ठेवू नका. दाखवा आणि परत घ्या. रजिस्ट्रेशन किंवा लॅपटॉप डिपॉझिटच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर ती फसवणूकच समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आणि राजीनामा? पगार, पद, रुजू होण्याची तारीख असलेलं, सहीचं ऑफर लेटर हातात पडल्यावरच. मालक कितीही गोड बोलले तरी.