कानावरचा केलॉइड: कापून मोकळं व्हायची घाई आणि इतर चुका

कान टोचल्यावर भोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढं काही कडक लागलं, तर लगेच केलॉइड म्हणून घाबरू नका. व्रण भोकापुरताच उंच असेल तर तो बऱ्याचदा वर्षभरात आपोआप बसतो. केलॉइड मात्र जखमेची हद्द सोडून शेजारच्या चांगल्या कातडीवर चढतो, खाजतो, टोचतो आणि स्वतःहून जात नाही. तो उगवतो तीन महिन्यांनी, कधी वर्षाने, म्हणून "कान तर कधीच बरा झाला होता" हे वाक्य हमखास ऐकू येतं. मधोमध काळा ठिपका आणि दाबलं की वास मारणारा पांढरा गर, असं असेल तर ती सिस्ट, म्हणजे कातडीखालची गर भरलेली पिशवी. तिचा इलाज वेगळा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसतं कापणं. सोलापुरात हिचं वेळापत्रक जवळजवळ ठरलेलं आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात, आणि कानाच्या पाळीमागे हरभऱ्याएवढी गाठ घेऊन नवरी मुलगी तीन आठवडे आधी दवाखान्यात येते. "डॉक्टर, इंजेक्शनं-बिंजेक्शनं नकोत, काढूनच टाका. झुमके घालायचेत." कुणीतरी काढून देतं. आठ-दहा दिवसांत टाके निघतात, पाळी गुळगुळीत, फोटो झकास. पुढच्या तपासणीला कोण जातंय? जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास टाक्यांच्या रेघेवर खाज सुटते. उन्हाळ्यात रेघ वर येते. दिवाळीला गाठ बोराएवढी झालेली असते, आणि पहिल्यापेक्षा रुंद, कारण आता जखम भोकाएवढी नसून कापाच्या अख्ख्या रेघेएवढी आहे. मग सर्जनच्या नावाने बोटं मोडायची. नुसत्या कापलेल्या केलॉइडपैकी ४५ ते १०० टक्के परत येतात. हा आकडा कापायच्या आधी विचारून घ्यायचा असतो.

कापायचंच असेल तर पुढच्या वर्षाचं आधी ठरवा. टाके काढताना किंवा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत स्टेरॉईडचं पहिलं इंजेक्शन, पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी. जखम भरली की पाळीला दाबाची क्लिप, रोज किमान १२ तास, सहा महिने ते वर्ष. क्लिप आवळायचीही एक रीत आहे. लावून दहा मिनिटांनी आरशात बघा. पाळी पांढरी किंवा जांभळट पडली, ठणका लागला, तर स्क्रू थोडा ढिला करा. जास्त आवळलं की लवकर बसतं हा गैरसमज. जास्त आवळलं की कातडी मरते, आणि मेलेली कातडी म्हणजे नवी जखम. परत परत येणाऱ्या मोठ्या गाठीला कापल्यावर २४ ते ४८ तासांत किरणोपचार देतात. लहान मुलांत आणि गरोदरपणात ते टाळतात.

दुसरी लाडकी चूक म्हणजे दोन इंजेक्शनं घेऊन गायब होणं. औषध ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉईड, मिलीलीटरला १० ते ४० मिलीग्रॅम. ते गाठीच्या आतच जायला हवं. नीट गेलं तर पिचकारी जोर लावून दाबावी लागते आणि गाठ क्षणभर पांढरी पडते. सुई सहज रिकामी झाली तर औषध बहुधा खाली चरबीत गेलं, आणि तिथे पुढे खड्डा पडतो. पहिल्या एक-दोन वेळांत खाज जाते, मग गाठ मऊ पडते, बसते ती सगळ्यात शेवटी. लोक खाज गेली की "बरं झालं" म्हणून थांबतात! पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुखलं तरी जा. सोबत फाइव्ह-एफयू (पेशींची वाढ रोखणारं औषध) देणार असतील तर गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास आधीच सांगा.

दोरा बांधणं, चुना लावणं, लसूण ठेचून बांधणं: तिन्हींनी नवी जखम होते आणि केलॉइडला तेच हवं असतं.

मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉईड मलम जाड गाठीत फारसं शिरत नाही. आजूबाजूची कातडी मात्र पातळ आणि पांढरी करतं.

सिलिकॉनची पट्टी जखम पूर्ण भरल्यावर लावायची, रोज किमान १२ तास, निदान दोन-तीन महिने. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो, पट्टीखाली घाम साचून पुरळ उठतं. दुपारी काढा, साबणाने धुवा, कोरडी करून रात्री लावा. पाळीवर पट्टी टिकत नसेल तर जेलचा पातळ थर दिवसातून दोनदा लावा. जुन्या बोराएवढ्या गाठीला नुसतं सिलिकॉन म्हणजे पैसे पाण्यात.

गाठ बसली की त्याच पाळीला पुन्हा टोचायला जाणाऱ्यांना काय म्हणावं? दाबाचे कानातले मिळतात, ते घाला. घरात कुणाला केलॉइड असेल तर भिकबाळी आणि बुगडीची हौस न टोचता भागवा. दोन्ही कानाच्या वरच्या कडेला, कूर्चेतून (कानाच्या लवचीक हाडातून) जातात. गनने टोचलं तर कूर्चा चेचली जाते.

आणि वरची कड लाल, गरम, हात लावू देत नाही इतकी दुखरी, पण पाळी मात्र नेहमीसारखी, असं झालं तर तो केलॉइड नव्हे. कूर्चेच्या आवरणात जंतू शिरलेत. रविवार असला तरी त्याच दिवशी सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा. पू साचून राहिला की कूर्चा झडते आणि कान आक्रसतो.