एमजीबीच्या इंजिनाचा पिकअप वाढवायचा तर

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन रस्त्यासाठी तयार करताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) बदलणं. या इंजिनाच्या सिलिंडर हेडला चार सिलिंडरसाठी इनलेट पोर्ट (हवा-पेट्रोल आत जाण्याचे मार्ग) दोनच आहेत: १-२ चा एक, ३-४ चा एक. त्यामुळे वरच्या आरपीएमला हवा अपुरी पडते. तिथे रेसचा कॅम टाकला, तर वर थोडं मिळतं आणि खालची ओढ जाते. रस्त्यावर कामाची ओढ २००० ते ४५०० आरपीएममधली. (ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. ते उघडलेल्या मेकॅनिकला हे हेड अनोळखी वाटणार नाही.)

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा आणि थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) गेजने मोजा. ८.८:१ कॉम्प्रेशन रेशोच्या धडधाकट इंजिनात १६० पीएसआयच्या आसपास दाब मिळतो. सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर आधी व्हॉल्व्ह आणि रिंगा बघा.

मग थंड इंजिनावर टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप) ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. हिशोब नवाचा, म्हणजे दोन नंबरांची बेरीज नऊ: ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दबला की १ चा गॅप, ६ चा दबला की ३ चा. इथे एक गोष्ट फसवते. जुन्या रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीच्या) टोकाला व्हॉल्व्हने खळगा पाडलेला असतो. फिलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यात उतरत नाही, वरूनच सरकते. गेज बरोबर सांगतो, पण खरा गॅप जास्त असतो आणि खडखड जात नाही. असा रॉकर बदला, नाहीतर त्याचं टोक घासून घ्या.

सगळ्यात स्वस्तात मिळणारा फरक डिस्ट्रिब्युटरमध्ये आहे. आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की ॲडव्हान्स (ठिणगी पडण्याची वेळ पुढे सरकणं) भलत्याच आरपीएमला येतो. व्हॅक्युमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा, टायमिंग लाइट लावा आणि ४००० आरपीएमला एकूण ॲडव्हान्स ३२ अंशांच्या आसपास ठेवा. चढावर टकटक ऐकू आली, तर २ अंश मागे घ्या. त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं, तर पिस्टन फुटतो.

जोडीचे एसयू एचएस४ कार्ब्युरेटर ठेवाच. मोठ्या वेबर कार्ब्युरेटरची गरज नाही. एअर फिल्टरचं गास्केट उलटं बसलं, तर कार्ब्युरेटरच्या तोंडाची हवेची भोकं झाकली जातात. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन पुरेसा उचलत नाही आणि गाडी वरच्या आरपीएमला दमते. गोलाई दिलेलं बेलमाउथ (हवा घेणारं पसरट तोंड) आत असलेला फिल्टर घ्या. हवा वाढली की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. तेव्हा फिक्स्ड नीडलच्या (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) जोडीत रिच, म्हणजे जास्त पेट्रोल देणारी, म्हणून ६ नंबरची नीडल घाला, खांदा पिस्टनच्या खालच्या कडेला समतल ठेवून. दोन्ही कार्ब्युरेटरची हवा समान केल्यावर एकेकाचा पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. आरपीएम किंचित वाढून स्थिरावले तर बरोबर, वाढून तसेच राहिले तर रिच, पडले तर लीन.

खरी ताकद हेडमध्ये आहे. धातू काढायची ती सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) लगतच्या खोलगट भागातून आणि गाइडभोवती (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी). पोर्ट नुसता रुंद करू नका, हवेचा वेग मंदावतो. दोन आणि तीन नंबरच्या मधली जागा तडा तपासूनच पुढे जा. एक्झॉस्टला हार्डन्ड सीट बसवून घ्या, बिनशिशाच्या पेट्रोलवर मऊ सीट खाली बसत जाते. कॉम्प्रेशन रेशो ९.५:१ पुरे. एका सिलिंडरचं आकारमान ४४९.५ सीसी, म्हणून पिस्टन वर असताना गास्केट आणि पिस्टनची वाटी धरून ५२.९ सीसी जागा राहिली पाहिजे. ती मोजूनच हेडचं फेसिंग (खालचा पृष्ठभाग घासणं) करा, अंदाजाने नको. हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने आवळा, टप्प्याटप्प्याने ४५ ते ५० फूट-पौंड. मूळचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चांगला आहे, त्याच्या बदलीत पैसे घालू नका.

एवढं झाल्यावर कॅम हवाच असेल, तर व्हॉल्व्ह सुमारे २७० अंश उघडा ठेवणारा सौम्य घ्या आणि फॉलोअर (कॅमवर टेकणारे भाग) नवेच टाका. जुन्या फॉलोअरवर नवा कॅम थोड्याच दिवसांत घासून जातो. पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर सोडू नका: २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएम, झिंक जास्त असलेल्या २०डब्ल्यू-५० तेलावर.