बेसनाची पाइप चोक व्हायची, फॅन बदलला तेव्हा सुटलो (माझा अनुभव)

अकोला जिल्ह्यात आमची छोटी बेसन मिल हाय. चक्कीपासून सायक्लोनपर्यंत (हवेतून बेसन वेगळं करणारा शंकू) चार इंची पाइप, फॅन त्यातून हवेसंगं बेसन ओढते, अन् दर दोन तासाला दुसऱ्या बेंडमधे बेसन जमून राह्यलं, रबरी हातोडीनं ठोकून ठोकून पोरायचे हात दुखले. फिटर म्हणे पुली बदला, फॅन जोरात पळवा. पळवला, तर मोटर ट्रिप. स्पीड 10 टक्के वाढवला की लोड 33 टक्के वाढते राजेहो, अन् पाइप रिकामी असली का सगळ्यात जास्त.

मग गवंड्याची लेव्हलची नळी यू आकारात फळीवर बांधली, पाणी भरलं, एक टोक फॅनच्या सक्शनला लावलं. पाइप चोक झाली तरी पाण्यातला फरक 150 मिलिमीटरच्या वर जाईच ना! म्हणजे हवा भरपूर, पण ओढायची ताकदच नाही, तो फॅन धूर-वाफ काढायचा होता.

चार इंचीत 20 मीटर प्रतिसेकंद वेग पकडला तर 350 सीएफएमच (मिनिटाला घनफूट हवा) लागते. म्हणून हवा तेवढीच ठेवून 450 मिलिमीटर (पाण्याचा फरक) प्रेशरचा, सरळ पात्यांचा फॅन घेतला, सायक्लोन-फिल्टरच्या मागं बसवला म्हणजे बेसन पात्यांवर चिकटत नाही. सायक्लोनखालच्या एअरलॉकचं (बेसन खाली सोडते पण हवा आत येऊ देत नाही ते फिरतं झडप) रबर झिजलं होतं, तिथून हवा चोरी होत होती, तेही बदललं. बेंड लांब वळणाचे केले.

अन् भाऊ, पाइपला अर्थिंग कराच, बेसनाची धूळ ठिणगीनं भडकते.