मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर स्टेम सेल उपचार: होकार देण्याआधी काय तपासाल

मज्जारज्जूचं नुकसान दोन टप्प्यांत होतं. पहिलं मार बसतो त्याच क्षणी. दुसरं पुढे अनेक दिवस चालू राहतं आणि त्यात सुजेचा मोठा हात असतो. काही तासांतच न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) तिथे पोचतात, 2-3 दिवसांनी रक्तातून मॅक्रोफेज (मृत पेशी गिळणाऱ्या पेशी) येऊ लागतात आणि मृत पेशी साफ करता करता शाबूत चेतातंतूंनाही इजा करतात. मेसेन्कायमल स्टेम सेल (अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून मिळणाऱ्या मूळ पेशी) देतात त्या प्रामुख्याने हा भडका शमवण्यासाठी. त्यांच्यातून स्रवणारी द्रव्यं मॅक्रोफेजना दुरुस्तीच्या कामाकडे वळवतात. या पेशींपासून नवा मज्जारज्जू तयार होत नाही. तसं कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबा.

म्हणून पहिला प्रश्न वेळेचा. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून पेशी घेऊन वाढवायला साधारण काही आठवडे लागतात. तोवर सुजेची पहिली लाट ओसरलेली असते. जुन्या दुखापतीत व्रण तयार झालेला असतो, तिथे ‘सूज उतरवू’ हा दावा लंगडा पडतो. मज्जारज्जूवरचा दाब काढायची शस्त्रक्रिया मात्र या उपचाराच्या आशेने एक तासही पुढे ढकलू नका.

मग पेशींचा कागद मागा. त्यावर स्रोत (अस्थिमज्जा, चरबी की नाळ), कितव्यांदा वाढवल्या, निर्जंतुकता, मायकोप्लाझ्मा (अगदी सूक्ष्म जिवाणू) आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) यांच्या चाचण्या हव्यात. सीडी73, सीडी90 आणि सीडी105 या खुणा (पेशीची ओळख पटवणारी पृष्ठभागावरची प्रथिनं) किमान 95 टक्के पेशींवर हव्यात, सीडी45 ही रक्तपेशींची खूण जास्तीत जास्त 2 टक्क्यांवर. गोठवलेल्या पेशी असतील तर वितळवल्यानंतर किती जिवंत राहिल्या, तो आकडा विचारा. नुसतं ‘10 कोटी पेशी’ याला अर्थ नाही: निम्म्या मेलेल्या असतील तर डोस निम्मा होतो, आणि मेलेल्या पेशी स्वतःच सूज वाढवू शकतात.

पेशी कुठून देणार? शिरेतून दिल्या तर बहुतेक फुप्फुसांत अडकतात. कमरेतून मणक्याच्या पाण्यात दिल्या तर डोकेदुखी आणि ताप येऊ शकतो. थेट मज्जारज्जूत टोचलं तर सुईच नवी इजा करू शकते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आधीच्या नोंदीकडे. उपचारापूर्वी एशिया ग्रेड (दुखापत किती पूर्ण आहे ते सांगणारी ए ते ई श्रेणी), 100 पैकी स्नायूंचे गुण, तसंच हलका स्पर्श आणि टाचणीचे प्रत्येकी 112 पैकी गुण लिहून घ्या, शक्यतो उपचार न करणाऱ्या तज्ज्ञाकडून. पहिल्या काही महिन्यांत अनेकांना आपोआप थोडी सुधारणा होते. तुलनेचा गट नसेल तर ती पेशींच्या खात्यावर जमा होते. जपानने 2018 मध्ये एका उपचाराला सशर्त मान्यता दिली, तेव्हा आधार 13 रुग्णांचा होता आणि तुलनेचा गट नव्हता. त्यावर टीका झाली, ती याच कारणाने.

चाचणीत भाग घ्यायला पैसे मागत असतील, तर नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची मंजुरी स्वतः पडताळा.

नंतर ताप, मान ताठणं, नवी वेदना किंवा शाबूत असलेली ताकद कमी होणं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एमआरआय वर्षानुवर्षं करत राहा: नाकातल्या श्लेष्मल पेशी मज्जारज्जूत रोपलेल्या एका रुग्णेला 8 वर्षांनी तिथेच गाठ झाल्याची नोंद 2014 मध्ये प्रसिद्ध झाली आहे.