सोलरचं वायरिंग करताना या चुका टाळा

मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिकल बाजारात कितीही घासाघीस केली तरी केबलचं बिल फारसं कमी होत नाही. ते ठरतं गच्चीवर, स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलची माळ) कशी पाडायची आणि इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) कुठे लावायचा हे ठरवता तेव्हा. 2024 मध्ये छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना आली आणि ठाणे-नवी मुंबईत जो तो सोलर लावायला निघाला. काम करणारेही नवे. चार व्हिडिओ बघून आलेली ही मंडळी पॅनल भारीतलं घेतात आणि पहिली कात्री केबलला लावतात.

एसी केबल बारीक टाकणे

ही चूक माझ्या सगळ्यात डोक्यात जाते. कोपरखैरण्यातल्या एका चार मजली इमारतीवर 5 किलोवॅटची सिंगल फेज सिस्टिम होती. सकाळी सगळं झकास. बाराच्या पुढे ऊन तापलं की इन्व्हर्टर बंद, थोड्या वेळाने चालू, परत बंद. लावणारा सांगून मोकळा झाला होता, ‘काका, महावितरणचं व्होल्टेजच जास्त येतं, त्याला मी काय करणार?’ काका बिचारे अर्ज करकरून थकले.

भर दुपारी जाऊन व्होल्टमीटर लावला. गच्चीवर इन्व्हर्टरच्या टर्मिनलला 254 व्होल्ट, खाली मीटररूममध्ये 244. इन्व्हर्टर बंद करून परत मोजलं, तर वर-खाली सारखंच, 243. म्हणजे मधले दहा व्होल्ट महावितरणचे नव्हतेच, केबलचे होते.

हिशोब अवघड नाही. 5 किलोवॅटला जवळपास 22 अँपिअर. 4 स्क्वेअर एमएम तांब्याची केबल डक्टमधून वळणं घेत 45 मीटर उतरली होती. फेज-न्यूट्रल धरून 90 मीटर, रेझिस्टन्स साधारण 0.45 ओहम. गुणाकार केला की दहा व्होल्ट. वीज ग्रीडकडे ढकलायची तर इन्व्हर्टरला मीटरपेक्षा तेवढं चढं व्होल्टेज ठेवावं लागतं, आणि 230 च्या दहा टक्के वर, म्हणजे 253 ओलांडलं की तो ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. तिथे 10 एमएमची केबल टाकली. चढ चार व्होल्टच्या आत आला, ट्रिपिंग थांबलं. जुनी केबल भंगारात, डक्ट परत उघडण्याची मजुरी वेगळी. वाचवलं काय, तर काही नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर एसीला 16 एमएमची ॲल्युमिनियम आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल घ्या. 10 एमएम तांब्याचं काम करते आणि बरीच स्वस्त पडते. फक्त तांब्याच्या पट्टीवर जोडताना बायमेटलिक लग (एकीकडे ॲल्युमिनियम, दुसरीकडे तांबं असलेलं टोक) वापरा. खाडीच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि तांबं थेट एकमेकांना लावलं की जोड खाल्लाच म्हणून समजा.

उगाच पॅरलल जोडणे

540 वॅटची दहा पॅनल एका स्ट्रिंगमध्ये घेतली की साधारण 410 व्होल्ट आणि 13 अँपिअर मिळतात. इन्व्हर्टर 50 मीटरवर असला तरी 4 एमएमच्या डीसी केबलमध्ये साडेसहा व्होल्ट जातात, दीड टक्क्याच्या आसपास. तीच पाच-पाचची जोडी पॅरलल करून त्याच केबलवर आणली तर व्होल्टेज निम्मं, करंट दुप्पट, आणि घट सहा टक्क्यांच्या वर. चौपट! मग जाड केबल घ्या, स्ट्रिंग एकत्र करणारा कंबायनर बॉक्स घ्या. पॅरलल करायला पाण्याच्या टाकीची सावली हे कारण सांगितलं जातं. तसं असेल तर दोन स्ट्रिंग दोन वेगळ्या एमपीपीटीवर (इन्व्हर्टरच्या स्वतंत्र इनपुटवर) न्या.

उलटा हावरटपणाही नको. जास्तीत जास्त 600 व्होल्ट घेणाऱ्या इन्व्हर्टरला बारा पॅनल जोडणारे आहेत. एका पॅनलचं लोड नसतानाचं व्होल्टेज 49.5, गुणिले 12, 594, बसलं की! अहो, तो आकडा 25 अंशांचा आहे, थंडीत व्होल्टेज वाढतं. जानेवारीत पहाटे पारा 15 वर आला की तेच 610 होतात. मी कागदावरच्या आकड्यात पाच टक्के वाढवल्याशिवाय स्ट्रिंग ठरवत नाही.

आणि एका ओळीतली पॅनल सरळ एकापुढे एक जोडत जाऊ नका. एक सोडून एक जोडत जा, उरलेली जोडत परत या. दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात, दहा उभ्या पॅनलच्या ओळीत अकरा-बारा मीटर परतीची केबल वाचते. आधी पॅनलच्या वायरची लांबी तेवढी पुरते का ते बघा. आडव्या पॅनलना बहुतेक वेळा पुरत नाही.

बाकीच्या

डीसीला घरगुती पीव्हीसी वायर वापरू नका, उन्हात तडकते. आयएस 17293 छापलेली सोलर केबलच घ्या. प्लस एका कठड्याने आणि मायनस दुसऱ्याने नेऊ नका, दोन्ही जोडीने न्या. मध्ये मोठा वेढा राहिला तर जवळपास वीज पडल्यावर त्यात सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका येतो. पॅनलच्या वायरच्या टोकाला असतात ते एमसी4 कनेक्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकमेकांत बसतात, पण बसले म्हणजे जुळले असं नाही, तिथे गरम होतं. पांढरे नायलॉनचे टाय उन्हाने कुरकुरीत होऊन तुटतात आणि केबल पत्र्यावर लोळते. मी स्टीलचे टाय वापरतो. माझी पोरं कुरकुरतात, बोटं कापतात म्हणून. हातमोजे घाला म्हणतो.