आपली अँड्रॉइड लायब्ररी मॅव्हन सेंट्रलवर कशी प्रसिद्ध करावी

पावतीवर रक्कम आकड्यात लिहिली की खाली ‘अक्षरी रुपये’ लिहावे लागतात. १,२४७ च्या खाली ‘एक हजार दोनशे सत्तेचाळीस फक्त’. मराठीत शंभरापर्यंतच्या संख्यांची नावं एका नियमात बसत नाहीत. सत्तेचाळीस, एकोणपन्नास, त्रेसष्ट, नव्याण्णव, सगळी एकेक करून यादीत भरावी लागतात. ही यादी आणि तिच्याभोवतीचा थोडा कोटलिन कोड मी तीन ॲपमध्ये कॉपी करून वापरत होतो. एका ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं की बाकी दोन ठिकाणी चूक तशीच राहायची. शेवटी तो कोड बाजूला काढून त्याची लायब्ररी केली आणि मॅव्हन सेंट्रल या लायब्ररींच्या सार्वजनिक साठ्यावर टाकली. ते कसं करायचं, ते याच उदाहरणावरून सांगतो. फाइलींची, टास्कची नावं आणि व्हर्जनचे अंक इथे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीतच करायचे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. मॅव्हन सेंट्रलवर प्रसिद्ध झालेलं व्हर्जन बदलता येत नाही आणि काढूनही टाकता येत नाही. कुणाचा तरी बिल्ड त्याच्यावर उभा असतो, म्हणून हा नियम आहे, आणि मला तो अगदी योग्य वाटतो. त्यामुळे खरं काम पाठवण्याच्या आधीचं आहे.

मॉड्यूल वेगळं काढा

अँड्रॉइड स्टुडिओत नवीन मॉड्यूल घेताना ‘अँड्रॉइड लायब्ररी’ निवडा. बिल्ड केल्यावर एपीके या ॲपच्या फाइलऐवजी एएआर ही लायब्ररीची फाइल मिळते. तुमच्या कोडमध्ये अँड्रॉइडचं काहीच नसेल, म्हणजे लेआउट नाही, स्ट्रिंग नाही, कॉन्टेक्स्ट नाही, तर साधं कोटलिन मॉड्यूल करून जार पाठवा. ती जावा-कोटलिनच्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये चालते. माझ्याकडे रक्कम टाइप करताच खाली अक्षरी दाखवणारा एक व्ह्यू आहे आणि शब्दांची यादी रिसोर्समध्ये आहे, म्हणून मला एएआरच हवी होती.

बिल्ड फाइलमध्ये ‘नेमस्पेस’, म्हणजे कोडच्या पॅकेजचं नाव, भरा. ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या अँड्रॉइड प्लगइन ८ पासून ते मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या वगैरे जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) लिहून चालत नाही. ‘मिन एसडीके’, म्हणजे चालेल असं सर्वांत जुनं अँड्रॉइड, झेपेल तितका खाली ठेवा, कारण वापरणाऱ्या ॲपचा मिन एसडीके तुमच्यापेक्षा कमी असेल तर त्याचा बिल्ड मॅनिफेस्ट जोडतानाच अडतो. कोटलिनचंही तसंच: फार नव्या कोटलिनने बांधलेली लायब्ररी जुन्या कंपायलरला वाचता येत नाही. नवीन व्हर्जन आलं त्याच आठवड्यात लायब्ररी त्यावर नेण्याची घाई करू नका.

डिपेंडन्सी, म्हणजे तुमच्या लायब्ररीला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररी, लिहिताना ‘एपीआय’ आणि ‘इम्प्लिमेंटेशन’ यांतला फरक ॲपमध्ये फारसा जाणवत नाही, लायब्ररीत मात्र जाणवतो. तुमच्या एखाद्या पब्लिक फंक्शनमधून दुसऱ्या लायब्ररीचा टाइप बाहेर येत असेल, तर ती ‘एपीआय’ म्हणून लिहा, नाहीतर वापरणाऱ्याला तो टाइप कंपाइल करताना दिसणारच नाही. बाकी सगळं ‘इम्प्लिमेंटेशन’. आणि काय पब्लिक आहे ते जाणूनबुजून ठरवा. कोटलिनमध्ये काही न लिहिता केलेलं फंक्शन पब्लिक असतं. ‘एक्सप्लिसिट एपीआय’ मोड चालू केला की कंपायलर प्रत्येक ठिकाणी तुम्हाला विचारतो. मी तो चालू केला तेव्हा निम्म्याहून अधिक फंक्शन ‘इंटर्नल’, म्हणजे मॉड्यूलपुरती, झाली. एकदा पब्लिक म्हणून बाहेर गेलेलं नाव पुढे बदललं की दुसऱ्याचा कोड मोडतो.

दुसऱ्याच्या ॲपमध्ये काय होईल?

माझी पहिली आवृत्ती एका पतसंस्थेच्या ॲपमध्ये घेतली गेली. दोन दिवसांनी त्यांच्या डेव्हलपरचा फोन आला: “दहा रुपयांपर्यंत पावती बरोबर येते, अकरा टाकले की ॲप बंद पडतं.” माझ्याकडे लाखाची रक्कमही नीट चालत होती. शोधता शोधता कळलं की माझ्या शब्दांच्या ॲरेचं नाव मी ‘नंबर्स’ ठेवलं होतं. त्यांच्या ॲपमध्येही त्याच नावाचा ॲरे होता, त्यात शून्य ते दहा एवढेच शब्द. बिल्ड होताना लायब्ररीचे आणि ॲपचे रिसोर्स एकत्र येतात आणि नाव सारखं असेल तर ॲपचा रिसोर्स जिंकतो. एररही येत नाही. माझा कोड त्यांच्या ॲरेत ‘अकरा’ हा शब्द शोधत होता आणि तो तिथे नव्हताच.

म्हणून प्रत्येक रिसोर्सच्या नावाला लायब्ररीचा उपसर्ग लावा. माझ्याकडे आता स्ट्रिंग, रंग, लेआउट, सगळ्यांची नावं ‘अक्षरी’ने सुरू होतात. बिल्ड फाइलमध्ये ‘रिसोर्स प्रीफिक्स’ लिहिलं तर लिंट हे कोड तपासणारं साधन उपसर्ग नसलेली नावं दाखवून देतं. ते नावं आपोआप बदलत नाही, बदल हातानेच करावे लागतात.

मॅनिफेस्टही असाच मिसळतो. तुम्ही चुकून इंटरनेटची परवानगी लिहून ठेवलीत, तर ती तुमची लायब्ररी घेणाऱ्या प्रत्येक ॲपला चिकटते. प्रसिद्ध करण्याआधी मॅनिफेस्ट उघडून एकेक ओळ वाचा. माझ्या लायब्ररीच्या मॅनिफेस्टमध्ये आता एकही परवानगी नाही.

रिफ्लेक्शनने (चालू असताना नावावरून) शोधला जाणारा एखादा क्लास असेल तर त्याचे ‘कीप’ नियम ‘कन्झ्युमर रूल्स’ फाइलमध्ये लिहा. ते एएआरबरोबर जातात आणि ॲपमधला न वापरलेला कोड काढून टाकणारा आर-एट ते वाचतो. साध्या प्रोगार्ड फाइलमधले नियम तुमच्याच बिल्डपुरते असतात.

मराठी वाचकांनी इकडे जरा जास्त लक्ष द्यावं. फोनची भाषा मराठी असली की ‘स्ट्रिंग डॉट फॉरमॅट’मधला ‘पर्सेंट डी’ (संख्या छापायची खूण) देवनागरी अंक देतो. ते मजकूर म्हणून दाखवायला छान आहेत, पण त्या अंकांवरून पुढे हिशोब करायचा असेल, यूआरएल किंवा फाइलचं नाव बनवायचं असेल, तर लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) ‘रूट’ आहे असं स्पष्ट लिहा. इंग्रजी फोनवर ही चूक कधीच दिसत नाही. चाचणी घेताना एक फोन मराठीत ठेवाच.

पत्ता ठरवा

लायब्ररीचा पत्ता तीन भागांचा: ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि व्हर्जन. ग्रुपवर तुमचा हक्क सिद्ध करावा लागतो. स्वतःचं डोमेन असेल तर ते उलट्या क्रमाने लिहायचं आणि डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद टाकायची. डोमेन नसेल तर सेंट्रल पोर्टलवर, म्हणजे मॅव्हन सेंट्रलला लायब्ररी पाठवायच्या संकेतस्थळावर, गिटहबच्या खात्याने नोंदणी करा. ‘आयओ डॉट गिटहब डॉट तुमचं-नाव’ हा ग्रुप (पोर्टल यालाही नेमस्पेसच म्हणतं) आपोआप मिळतो. पहिल्या लायब्ररीला हे पुरेसं आहे. संस्थेसाठी काम करत असाल तर मात्र संस्थेचंच डोमेन वापरा, माणसं नोकरी बदलतात.

नेटवर शोधाल तर बरेच लेख कालबाह्य सापडतील. जेसेंटर आणि बिनट्रे या लायब्ररी ठेवायच्या जुन्या सेवा बंद करत असल्याचं जेफ्रॉग कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. मॅव्हन सेंट्रलची ओएसएसआरएच नावाची जुनी वाट ३० जून २०२५ ला बंद झाली. यांपैकी कुठलंही नाव दिसलं तर तो लेख बाजूला ठेवा.

ग्रेडलला सांगा

लायब्ररी मॉड्यूलला ‘मॅव्हन-पब्लिश’ आणि ‘सायनिंग’ ही दोन प्लगइन लावा. मग अँड्रॉइडच्या भागात ‘पब्लिशिंग’ उघडून ‘सिंगल व्हेरिअंट’मध्ये ‘रिलीज’ लिहा आणि त्याच्या आत सोर्स जार व जावाडॉक जार मागा. दोन्ही मॅव्हन सेंट्रलला सक्तीच्या आहेत. पब्लिकेशन तयार करताना ‘रिलीज’ कंपोनंट सापडत नाही अशी एरर हमखास येते, कारण अँड्रॉइड प्लगइन तो कंपोनंट उशिरा तयार करतं. ती ओळ ‘आफ्टर इव्हॅल्युएट’मध्ये टाकली की प्रश्न मिटतो.

त्याच ठिकाणी पॉमची, म्हणजे लायब्ररीची ओळख सांगणाऱ्या फाइलची, माहिती भरायची: नाव, वर्णन, वेबपत्ता, लायसन्स, डेव्हलपर आणि कोड कुठे ठेवला आहे तो एससीएमचा पत्ता. यातलं एक जरी राहिलं तरी पोर्टल परत पाठवतं. वर्णन एका ओळीचं असलं तरी मनापासून लिहा, शोधणाऱ्याला आधी तेच दिसतं.

पॉम कशासाठी लागतो हे एएआर उघडून बघितलं की लगेच कळतं. एएआर ही साधी झिप आहे. ‘बिल्ड’, मग ‘आउटपुट्स’, मग ‘एएआर’ या फोल्डरमधली फाइल घ्या, झिप म्हणून उघडा. आत मॅनिफेस्ट, ‘क्लासेस’ नावाची जार, ‘रेस’ फोल्डर आणि रिसोर्सची यादी असलेली ‘आर’ नावाची मजकूर फाइल. कन्झ्युमर नियम दिले असतील तर ‘प्रोगार्ड’ नावाची फाइलही. तुमच्या लायब्ररीला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात, हे मात्र आत कुठेच लिहिलेलं नसतं. ते पॉममध्ये असतं. म्हणूनच व्हॉट्सॲपवरून पाठवलेली एएआर समोरच्याकडे कंपाइल होते आणि चालवल्यावर ‘क्लास सापडला नाही’ म्हणून पडते.

आधी आपल्याच मशीनवर

आता ‘पब्लिश टू मॅव्हन लोकल’ हे टास्क चालवा. तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट एम-टू’मध्ये लायब्ररी जाऊन बसते. मग पूर्णपणे वेगळं, रिकामं ॲप तयार करा. त्याच प्रोजेक्टमधलं नमुना ॲप नको, ते मॉड्यूलला थेट जोडलेलं असतं आणि पॉमला हातच लावत नाही. नव्या ॲपच्या रिपॉझिटरीत ‘मॅव्हन लोकल’ लिहा, तीन भागांच्या पत्त्याने लायब्ररी घ्या, आणि रिलीज बिल्ड मिनिफाय (आर-एटने कोड आक्रसणं) चालू ठेवून फोनवर टाका. मराठी फोनवरही. मी या ॲपमध्ये मुद्दाम ‘नंबर्स’ नावाचा तो अकरा शब्दांचा ॲरे ठेवला आहे. प्रत्येक आवृत्तीआधी त्यात अकरा रुपये टाकून बघतो.

किल्ली आणि पासवर्ड

प्रत्येक फाइलवर जीपीजी या साधनाने केलेली डिजिटल सही लागते. जीपीजीने किल्ली तयार करा, पासफ्रेज द्या आणि सार्वजनिक भाग ‘कीसर्व्हर डॉट उबुंटू डॉट कॉम’ला पाठवा, म्हणजे पोर्टलला सही तपासता येईल. इथे बरेच जण अडकतात: जुन्या सूचनांत ‘सेकरिंग’ फाइलचा मार्ग द्यायला सांगितलेलं असतं, पण जीपीजी २.१ पासून ती फाइल तयारच होत नाही. खासगी किल्ली मजकूर रूपात एक्स्पोर्ट करून ग्रेडलच्या ‘यूज इन-मेमरी पीजीपी कीज’ला द्या, ते सोपं पडतं.

किल्ली, पासफ्रेज आणि पोर्टलवरून घेतलेला युझर टोकन हे तिन्ही होम फोल्डरमधल्या ‘डॉट ग्रेडल’च्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा. प्रोजेक्टमधल्या त्याच नावाच्या फाइलमध्ये नको. ती गिटमध्ये जाते. किल्लीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असू द्या.

पाठवा

पोर्टलसाठी ग्रेडलचं अधिकृत प्लगइन नाही. समुदायाने केलेली आहेत, त्यांतलं ‘व्हॅनिकटेक’चं बरेच जण वापरतात, आणि पुढे तुम्हीही वापराल. पण पहिल्यांदा हाताने करा असं मी सुचवेन. बिल्ड फोल्डरमधल्या एका साध्या फोल्डरला रिपॉझिटरी म्हणून पत्ता द्या आणि ‘पब्लिश’ चालवा. तिथे एएआर, पॉम, दोन्ही जार, प्रत्येकाची ‘एएससी’ सही आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) अशा सगळ्या फाइली ओळीने दिसतील. ‘मॅव्हन-मेटाडेटा’ फाइल काढून टाका, ती इथे लागत नाही. ग्रुपच्या पहिल्या फोल्डरपासूनची रचना तशीच ठेवून झिप करा आणि पोर्टलवर अपलोड करा.

पोर्टल तपासणी करतं. काही चुकलं असेल तर फाइलचं नाव आणि कारण दाखवतं. ‘ड्रॉप’ करा, दुरुस्त करा, पुन्हा पाठवा. इथपर्यंत कितीही वेळा परत फिरता येतं. ‘व्हॅलिडेटेड’ दिसल्यावर ‘पब्लिश’चं बटण दाबायच्या आधी व्हर्जन पुन्हा एकदा वाचा, शेवटी ‘स्नॅपशॉट’ ही अर्धवट आवृत्तीची खूण राहिलेली नाही ना ते बघा, आणि मगच दाबा.

लायब्ररी सगळीकडे दिसायला थोडा वेळ जातो. तोवर गिटमध्ये त्याच व्हर्जनचा टॅग लावा आणि रीडमीमध्ये डिपेंडन्सीची ओळ लिहा, कॉपी करता येईल अशी. मग त्या रिकाम्या ॲपमधून ‘मॅव्हन लोकल’ काढून ‘मॅव्हन सेंट्रल’ लिहा आणि पुन्हा बिल्ड करा. चूक सापडलीच तर १.०.० तसंच राहू द्या, १.०.१ काढा, आणि काय बदललं ते त्याच दिवशी रीडमीत लिहा. पब्लिक फंक्शनचं नाव किंवा वागणं मोडणार असेल तर पहिला आकडा वाढवा. माझ्या ॲरेचं नाव बदललेली आवृत्ती १.०.१ होती, आणि पतसंस्थेच्या ॲपला त्यासाठी एकच ओळ बदलावी लागली.